सात नंबरची प्रत

अकरा रुपये. माझं डोकं फिरलं ते या आकड्यानं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून माझी बाजू घ्यायची की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

उस्मानपुऱ्यात आमचं ऑफिस आहे. ऑफिस कसलं, राहत्या घराचा खालचा मजला. तिथून आम्ही 'घटीपळ' विकतो. घटीपळ म्हणजे पंचांगाचं आणि पत्रिकेचं सॉफ्टवेअर. जन्मवेळ आणि जन्मगाव टाकलं की कुंडली, दशा, गुणमेलन, मुहूर्त असं सगळं शुद्ध मराठीत छापून येतं. ते माझ्या वडिलांनी लिहिलं, व्यंकटरावांनी. मी त्यांना नाना म्हणते. नाना पाटबंधारे खात्यात कारकून होते. आजोबा भिक्षुकी करायचे, त्यामुळे पंचांगाचं गणित नानांना लहानपणापासून तोंडपाठ, आणि कॉम्प्युटर ते पुस्तकं आणून एकटेच शिकले. संध्याकाळी ऑफिसातून यायचे, चहा घ्यायचे आणि मशीनसमोर बसायचे. अशी नऊ वर्षं. माझं अख्खं शाळकरी वय त्यांची पाठ बघण्यात गेलं.

सत्त्याण्णव साली पहिल्या प्रती विकल्या गेल्या. चाळीस प्रती, चाळीस गुरुजी. प्रत्येक प्रतीला नंबर होता आणि प्रत्येक पानाच्या तळाला त्या त्या गुरुजींचं नाव छापून यायचं. पाच-सहा वर्षं बरी गेली. मग बाजारात घटीपळच्या चोरून केलेल्या सीड्या आल्या, वडापावच्या भावात. गावोगावचे लोक नानांना फोन करून, त्याच चोरीच्या प्रतीतल्या अडचणी विचारायचे आणि नाना समजावून सांगायचे! माझा अगदी तिळपापड व्हायचा. मी पुण्यातली नोकरी सोडून आले, धंदा हातात घेतला आणि दोन गोष्टी केल्या. एक, दोन हजार नऊपासून प्रत्येक जुन्या-नव्या प्रतीबरोबर पेन ड्राइव्हसारखी एक किल्ली दिली. ती लावल्याशिवाय प्रोग्रॅम उघडतच नाही. दोन, चोरांना नोटिसा पाठवायला सुरुवात केली. आजवर एकशे चाळीस पाठवल्या असतील. आमच्या धंद्यात माझी ओळख 'नोटीसवाली बाई' अशी आहे आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

तर दर सोमवारी मी जुन्या वस्तूंच्या लिलावाच्या साइटी बघते. गेल्या कार्तिकातल्या एका सोमवारी मला तिथं आमचा खोका दिसला. पहिल्या वर्षीचा, पिवळा, त्यावर नानांनी स्वतः काढलेलं राशिचक्र. शेजारी किल्लीचा फोटो. खाली लिहिलं होतं: 'घटीपळ, मूळ प्रत क्र. ७, किल्लीसह. पूजेतली वस्तू. वापरणाऱ्यालाच द्यायची आहे. बोली ११ रुपयांपासून.'

मी यादी काढली. सात नंबर म्हणजे पुंडलिकनगरचे धुंडिराजशास्त्री. गुरुजी मागच्या मार्गशीर्षात गेले होते, नाना काठी टेकत त्यांच्या दहाव्यालाही जाऊन आले होते. म्हणजे काय, तर गुरुजी गेले आणि घरातल्या पोरांनी कपाट आवरायला काढलं. नानांची नऊ वर्षं रद्दीत गेली, तीही अकरा रुपयांना. खोक्यावर हळदकुंकवाचे डाग दिसत होते, तेही मला त्या वेळी घाणच वाटले. खोटं कशाला बोलू!

विश्वजित आमचा वकील, माझ्या वर्गातला. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "हिमानी, आपलेच लोक आहेत. आधी एक फोन करून बघ ना."

"फोन करून करून नाना म्हातारे झाले," मी म्हटलं. "तू कागद कर."

त्यानं केला. घटीपळ ही विकलेली वस्तू नसून वापरण्याचा परवाना आहे, तो ज्याला दिला त्याच्यापुरताच आहे, तो विकता येत नाही, दान करता येत नाही, वारसानं मिळत नाही आणि धारकाच्या मृत्यूबरोबर संपतो. सबब लिलाव हा आमच्या कॉपीराइटचा भंग आहे. एक प्रत साइटला गेली, एक विकणाऱ्याला. साइटवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी लिलाव उतरवला आणि ते खातंही बंद केलं. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. आमच्याकडे बंद किल्ल्यांची एक यादी असते, तीत मी सात नंबर टाकला. एकदा त्या यादीत नंबर गेला, की पुढच्या वेळी ती किल्ली इंटरनेट असलेल्या मशीनला लागताक्षणी आतून पुसली जाते. परत भरता येत नाही, मलासुद्धा. चोराला पळवाट नको म्हणून तशी सोय मीच करून घेतली होती.

चौथ्या दिवशी सकाळी दारात रिक्षा थांबली आणि यमुनाकाकू उतरल्या. धुंडिराजशास्त्र्यांच्या पत्नी. बरोबर त्यांची नात नीरजा होती. काकूंना काचबिंदूनं गेली काही वर्षं फक्त उजेड आणि माणसांच्या आकृत्या दिसतात. नीरजानं त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर दुसरीकडे वळवली. त्यांच्या मांडीवर विश्वजितची नोटीस होती, नीट घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली.

"हिमानी, तूच ना गं?" काकू म्हणाल्या. "मला नीरजानं वाचून दाखवलं. चोरी केली असं लिहिलंय म्हणे आम्ही."

"काकू, चोरी नाही लिहिलेलं. भंग लिहिलाय."

"बरं, भंग. मला त्यातलं काही कळत नाही. मी एवढंच सांगायला आले, की यांच्या पोथ्या मला वर्षाच्या आत द्यायच्या होत्या. आमच्या घरात तसं आहे. गेलेल्या माणसाच्या पोथ्या पुसून-सवरून नुसत्या मांडून ठेवायच्या नाहीत, वर्षश्राद्धाच्या आधी वापरणाऱ्याच्या हातात द्यायच्या. माझ्या सासऱ्यांच्या यांना मिळाल्या होत्या. यांच्या कागदाच्या पोथ्या पाठशाळेतल्या मुलांनी नेल्या. ही राहिली. मुलाला, अमेयला विचारलं, तर तो म्हणे मी बँकेत, मला काय करायची? इथले गुरुजी म्हणाले, आता आमच्या मोबाईलमध्ये सगळं आहे. मग ही म्हणाली, आजी, लिलावाला लावू, कुठं ना कुठं वापरणारा सापडेल. मी म्हटलं लाव, पण पोथीचे पैसे घ्यायचे नाहीत. सव्वा रुपया ठेव दक्षिणा. ते मशीन सव्वा घेईना, अकराच्या खाली येईना."

मी भिक्षुकांच्या घरातली मुलगी. आजोबांच्या पोथ्या कुणाकुणाकडे गेल्या ते मला नावानिशी माहीत आहे. 'पूजेतली वस्तू' आणि 'वापरणाऱ्यालाच' हे दोन शब्द वाचून मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तर चाललं असतं, मला कळायला हवं होतं.

आवाज ऐकून नाना खाली आले. ऐंशीला टेकलेत, जिना उतरायला त्यांना वेळ लागतो. त्यांनी नोटीस हातात घेतली, चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मी त्यांना त्यातलं काही सांगितलेलं नव्हतं. कुठल्याच नोटिशीचं सांगत नसे, उगाच त्यांना त्रास नको म्हणून.

"वहिनी," नाना म्हणाले, "ह्यात लिहिलंय ते मी बोललो नव्हतो."

"मला आठवतं ना व्यंकटराव. तुम्ही काय बोललात ते हे घरी येऊन दहादा सांगायचे."

झालं होतं असं, की पहिल्या चाळीस प्रती द्यायच्या दिवशी नानांनी एका मंगल कार्यालयाचा हॉल घेतला होता. चाळीस गुरुजी जमले होते, त्यातल्या निम्म्यांनी कॉम्प्युटर जन्मात पाहिलेला नव्हता. एवढे पैसे घालून ह्याचं पुढं काय करायचं, असं कोणीतरी विचारलं. तेव्हा नाना उभे राहून म्हणाले, ही पोथीच समजा. तुम्ही वापरा, तुमच्यामागं मुलानं वापरावी, मुलाला नको असली तर ज्याला हवी त्याला द्या. मी तेव्हा अठरा वर्षांची होते, हॉलमध्ये पेढे वाटत होते. मीही ते ऐकलं होतं.

"तेव्हाचं तेव्हा, नाना," मी म्हटलं. "नऊ साली नवीन आवृत्ती आली, तिच्यात परवान्याच्या अटी आहेत. गुरुजींनी त्या मान्य केल्यात. 'मान्य आहे' हे बटण दाबल्याशिवाय पुढं जाताच येत नाही."

काकू म्हणाल्या, "हो, दाबलं होतं. ह्यांनी तुलाच फोन केला होता तेव्हा. मी शेजारी होते. हे म्हणाले, हिमानी, इथं इंग्रजीत पानभर काहीतरी आलंय, काय करू? तू म्हणालीस, काका, काही नाही ते, मान्य आहे दाबा आणि पुढं चला."

मला तो फोन आठवत नाही. त्या महिन्यात तसे शंभर फोन आले असतील आणि शंभर जणांना मी तेच सांगितलं असेल. काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं.  नानांनी काकूंना चहा विचारला, नीरजानं नको म्हटलं आणि त्या दोघी गेल्या.

त्या गेल्यावर नाना म्हणाले, "नोटीस मागं घे. त्यांची प्रत त्यांना देऊ दे."

"नाना, एकाला सोडलं की उद्या चाळीस जण येतील. मग चारशे. मग कोर्टात मी कुठल्या तोंडानं सांगू की हा परवाना आहे म्हणून?"

"चाळीस जणांना मी शब्द दिलाय."

"शब्द लिहून नाही दिला."

हे मी बोलले. माझ्या तोंडाला लगाम नाही हे मला माहीत आहे, पण ह्या वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.  नाना जिना चढून वर गेले आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. जेवायला बोलावलं की यायचे, औषध दिलं की घ्यायचे. पूर्वी दिवसभर माझ्यामागच्या खुर्चीत बसून कामात नाक खुपसायचे, त्याचा मला वैताग यायचा. आता ते खुर्चीत बसायचे आणि चकार शब्द काढायचे नाहीत.

विश्वजितला विचारलं. तो म्हणाला, कोर्टात गेलं तर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. मूळ प्रत सत्त्याण्णवची, तेव्हा अट नव्हती, वस्तू विकली असंच म्हणता येईल. नंतरची आवृत्ती अटीवर दिली, तेव्हा परवाना म्हणता येईल. "पण तुला जिंकायचंय कुणाशी?" त्यानं विचारलं. मी फोन ठेवून दिला.

आठवड्यानं ऑफिसच्या नंबरवर एक फोन आला. बिडकीनकडचा माणूस होता.

"ताई, म्या कचरू बोलतोय, कचरू गुरव. ते लिलावात शास्त्रीबुवाची पोथी व्हती, तिच्यावर म्या बोली लावली व्हती. साडेतीनशेपर्यंत नेली. मग ती एकदम गायबच झाली. खाली तुमचा नंबर आला. मला ती भेटन का?"

मी त्याला समजावलं, की ती विकता येत नाही. नवीन घटीपळ घ्या, मी तुम्हाला अर्ध्या किमतीत देते.

"नवी नगं ताई. नवीचं काय करू? आमच्या गावात मारुतीची पूजा माझ्याकडं हाये. लोक मुहूर्त इचारायला येत्यात. मोबाईलवर बगाया गेलं का तिथं जाहिरातीच लई. पर ते बी सोडा. माझ्या पोरीची पत्रिका शास्त्रीबुवानं काढली व्हती, एक रुपाया घेतला नाय. म्हनले, कचरू, तू शिक, म्या तुला शिकवतो. चार येळा गेलो बी त्यांच्याकडं. मग ते आजारी पडले. त्यांच्या हातची हाये म्हून पायजे व्हती मला, दुसरं काय नाय."

"बघते," मी म्हटलं.

"बगा ताई. आजीला सांगा, कचरू वाट बगतोय म्हून."

काकूंना जो माणूस हवा होता तो हाच होता आणि तो लिलावात सापडलाही होता. आणखी दोन दिवस मी काही बोलले नसते, तर खोका बिडकीनला पोचला असता. फोन ठेवल्यावर मी मागं वळून पाहिलं. नानांनी सगळं ऐकलं होतं.

त्याच दुपारी मी माझा हट्ट सोडला. उशिरा सोडला. साइटला लिहिलं की तक्रार मागं घेतो, तर उत्तर आलं की बंद झालेलं खातं पुन्हा उघडत नाही. ठीक आहे, लिलाव नको, मी स्वतः खोका बिडकीनला नेऊन देईन म्हटलं, आणि यादीतून सात नंबर काढायला बसले. तर त्याच्यासमोर 'पुसली' असं लागलेलं होतं. तारीख नोटीस पोचल्याच्या दुसऱ्या दिवशीची. कागदात एवढं काय काय लिहिलंय म्हणून नीरजानं किल्ली लावून बघितली असणार आणि काय झालं ते आजीपासून लपवलं असणार. 

काकूंना फोन केला. किल्लीचं सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, "काकू, मी नवीन प्रत करून देते, तुमच्या नावानं, गुरुजींचं नाव खाली छापून येईल अशी. ती बिडकीनच्या कचरूला द्या, लिलावात त्यानंच बोली लावली होती."

"नवीन कशाला बाई?" त्या म्हणाल्या. "नवीन तर दुकानात मिळते. ह्यांची होती ती द्यायची होती. असू दे. तुझ्या कायद्यात बसत नसेल तर राहिलं."

त्यानंतर महिनाभर त्यांच्याकडून काही आलं नाही. कचरूचे दोन फोन येऊन गेले, ते मी उचलले नाहीत. वर्षश्राद्ध मार्गशीर्ष वद्य पंचमीला होतं. मी कॅलेंडरकडे बघायचं टाळत होते आणि तरी रोज बघत होते.

चतुर्थीच्या दिवशी, सोमवारी, अकराच्या सुमाराला रिक्षा थांबली. ह्या वेळी काकू एकट्याच पायऱ्या चढून आल्या, भिंतीला हात लावत. नीरजा रिक्षातच बसून राहिली, तिला माझं तोंड बघायचं नव्हतं. काकूंच्या काखेत पिवळा खोका होता, धुतलेल्या उपरण्यात बांधलेला.

"हिमानी आहेस का? आणि व्यंकटराव?"

"आहोत काकू. दोघंही आहोत."

"मी खूप विचार केला बघ," त्या खुर्चीवर बसत म्हणाल्या. "उद्या ह्यांचं वर्ष. ही दुसऱ्या कुणाला द्यायची नाही असं तुमच्या कागदात आहे. मग ज्यांची आहे त्यांना परत दिली तर चालत असेल ना? तू रोज हेच काम करतेस. वापरणाऱ्याच्या हातात दिल्यासारखंच झालं."

त्यांनी उपरणं सोडलं, खोका दोन्ही हातांत धरला आणि माझ्या दिशेनं पुढं केला. मी उभी राहून घेतला. आत सीडी होती, नानांनी लिहिलेलं माहितीचं पुस्तक होतं, त्यात गुरुजींच्या अक्षरातल्या टिपा होत्या, आणि एका डबीत किल्ली होती. किल्लीला कुंकू लावलेलं होतं, आजचंच असावं, ओलं होतं.

"एक पान वाच," काकू म्हणाल्या. "पोथी घेतली की देणाऱ्याला एक पान वाचून दाखवायचं असतं. देणाऱ्याच्या कानावर पडलं की तो मोकळा. आजचं पंचांग वाच. ह्यांचं रोजचं पहिलं पान तेच असायचं."

आता काय करायचं? खरं सांगायचं तर उद्या वर्ष होतं, आणि त्यांच्याकडे दुसरं काही करायला वेळच नव्हता. मी किल्ली लावली. पडदा पांढरा झाला आणि त्यावर लाल अक्षरं आली. 'ही प्रत कायमची बंद करण्यात आली आहे. अधिक माहितीसाठी संपर्क साधा.' खाली आमचाच फोन नंबर. वाक्यं माझीच होती. काकू पडद्याकडे तोंड करून बसल्या होत्या, हात जोडलेले.

मी वाचायला लागले.

"श्रीगणेशाय नमः. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सर. दक्षिणायन. हेमंत ऋतू. मार्गशीर्ष वद्य चतुर्थी. सोमवार."

एवढं मला येत होतं, लहानपणापासून ऐकलेलं. पुढं नक्षत्र. आजचं नक्षत्र मला माहीत नव्हतं. आयुष्यभर मी ते पडद्यावर वाचत आले. लाल अक्षरांकडे बघत मी "नक्षत्र" म्हटलं आणि थांबले. 

"पुष्य," मागून नाना हळूच म्हणाले.

"नक्षत्र पुष्य," मी म्हटलं.

"ब्रह्म."

"योग ब्रह्म."

"बालव."

"करण बालव."

नाना उठून माझ्या खुर्चीमागं उभे राहिले होते. पडदा त्यांना स्वच्छ दिसत होता. किल्ली गेल्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं, ते त्यांना तिथं कळलं.  त्यांनी सूर्योदय सांगितला, चंद्रोदय सांगितला, राहुकाळ सांगितला, आणि मी एकेक मोठ्यानं म्हणत गेले. शेवटी तळाची ओळ आली. ती मात्र मला कुणी सांगावी लागली नाही.

"गणितकर्ता, वेदशास्त्रसंपन्न धुंडिराजशास्त्री, पुंडलिकनगर."

काकूंनी हात पुढं करून चाचपत मॉनिटरला स्पर्श केला आणि तो हात कपाळाला लावला.  मग उपरण्याची घडी घातली आणि उठल्या. मी त्यांना धरायला पुढं झाले. दारापर्यंत गेल्यावर त्या थांबल्या.

"शंख काढून टाकलात का गं त्यातला?"

 जुन्या घटीपळमध्ये प्रोग्रॅम उघडला की आधी शंख वाजायचा. नानांचीच हौस. मी अलीकडच्या आवृत्तीतून तो काढून टाकला होता, पण सात नंबरमध्ये तो होता.

"हे सकाळी मशीन लावायचे तेव्हा मी आत स्वयंपाकघरात असायचे," काकू म्हणाल्या. "शंख वाजला की कळायचं, बसले हे. मग मी चहा टाकायचे. सत्तावीस वर्षं मी त्या आवाजावर चहा टाकलाय."

 मला खोटं बोलायचं बळ उरलं नव्हतं.

"काकू, मी..."

"असू दे." त्यांनी माझा दंड चाचपला, मग गालावरून हात फिरवला. त्यांच्या बोटांना ओल लागली असणार. "नक्षत्र बरोबर वाचलंस. पुष्यच आहे आज, मी सकाळी नीरजाकडून वाचून घेतलं होतं. त्यांचं नावही नीट घेतलंस. उद्या मी त्यांना सांगेन, दिली म्हणून."

नाना त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. मला उंबऱ्याच्या बाहेर पाऊल टाकवेना. काकू रिक्षात बसल्यावर नानांनी वाकून काहीतरी म्हटलं, काकूंनी नुसती मान हलवली, आणि रिक्षा गेली. नाना परत आले ते सरळ आपल्या खुर्चीत बसले. मग म्हणाले, "कचरूला फोन कर. वाट बघतोय तो."

"काय सांगू नाना?"

 मी फोन हातात घेतला आणि नंबर लावला. पलीकडून लगेच आवाज आला, "बोला ताई, भेटली का?"